ताप आला तर काय, हेसुद्धा लिहून ठेवा

आमच्या सांगली-मिरजेच्या माणसाला कर्नाटक परकं वाटत नाही. मिरजेतून निघालं, म्हैसाळ मागं पडलं की कागवाड आलंच, पाटीवरची लिपी बदलते एवढंच काय ते. जतेकडं तर घराघरात दोन्ही भाषा, मिरजेच्या दवाखान्यांत तिकडचे कितीतरी पेशंट, आणि आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर अथणी, त्या रागावल्या की अजून कानडीतच बोलतात. त्यामुळं 'दुसरं राज्य' असं आमच्या घरात कधी कुणी गंभीरपणे म्हटलंच नव्हतं. भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, बेंगळुरूला राहायला गेली आणि मग रोज तेच, वकिलाकडं तेच, जेवताना तेच, दुसऱ्या राज्यात आहे पोरगी, आता कसं करायचं.

माझा भाऊ सांगलीत असतो आणि भाचीची आई बेंगळुरूत. दोघांचं लग्न झालेलं नाही. पुण्यात नोकरीला असताना एकत्र राहात होते, भाची तिथलीच, जन्मदाखल्यावर आईबाप दोघांचीही नावं आहेत. पुढं दोघांचं जमलं नाही. का ते मी इथं लिहिणार नाही, तो त्यांचा विषय आहे, आणि खरं सांगू का, मुलीच्या भेटीगाठीच्या प्रश्नात त्या 'का'ला फारशी जागा पण नसते. भाचीची आई मूळची धारवाडकडची, तिला बेंगळुरूत चांगली नोकरी मिळाली आणि आईवडील सोबत येऊन राहिले. भाऊ वडिलांच्या आजारपणामुळं सांगलीला परतला, इथूनच काम करतो. मध्ये सहाशेच्या वर किलोमीटर.

नातेवाइकांत लगेच दोन तट पडले. एक म्हणायचे, लग्नच नाही तर बाप कसला, विसर आता, वय आहे अजून, चांगलं स्थळ बघू. दुसरे म्हणायचे, बाप आहेस ना, मग जा आणि घेऊन ये पोरगी, कोण काय करतंय बघू. दोन्हीकडची माणसं माझ्या भावावर जीव टाकणारी आहेत हे मला माहितीये, म्हणून त्यांच्यावर राग काढावासा वाटत नाही, पण दोन्ही सल्ल्यांत एक माणूस कुठंच नव्हता. भाची.

पहिल्या सल्ल्याचं आधी बघू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा, त्याच्या कलम ६ मध्ये लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक कोण ते सरळ लिहिलंय, आई, आणि आईनंतर बाप. म्हणजे बापाचं नाव दुसरं आहे पण पुसलेलं नाहीये. आणि पालकत्व ही एक गोष्ट आणि भेटणं ही वेगळी. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कलम ७ मध्ये कोर्टापुढं कोणकोणते दावे चालतात त्याची यादी आहे, त्यात नवरा-बायकोच्या बऱ्याच बाबी आहेत, पण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं पालकत्व, ताबा किंवा त्याला भेटणं हा जो खंड आहे ना, त्यात लग्नाची अट घातलेलीच नाही. वकिलांनी ते पान माझ्या भावासमोर ठेवलं तेव्हा तो कितीतरी वेळ नुसता बघत बसला होता. तोपर्यंत त्याला सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की तुझं काहीच नातं नाही, की त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पोटगीचं पण तसंच. पूर्वीचं सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १२५, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, मूल औरस की अनौरस हा भेदच तिथं नाही, बापाची जबाबदारी सारखीच. पैसे देताना बाप आणि भेटताना परका, असं कुठलाच कायदा म्हणत नाही. भाऊ कुठलीही ऑर्डर व्हायच्या आधीपासून दर महिन्याला खर्च पाठवत होता आणि भेट होवो न होवो पाठवतच राहिला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. भेटू दे मग पैसे देतो, किंवा पैसे टाक मग भेटू देते, या दोन्ही वाक्यांत मुलीचा व्यवहार होतो आणि मूल मोठं झालं की त्याला हे सगळं कळतंच कुठून तरी.

आता दुसरा सल्ला, उचलून आणायचा. आमच्या एका काकांनी ऐकलं होतं की बापानं मूल नेलं तर ते अपहरण होत नाही. यात तथ्य आहे. आयपीसीच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या, अपहरणाच्या कलम ३६१ ला एक अपवाद होता, आता तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या १३७ मध्येही आहे, आपण या लग्नाशिवाय झालेल्या मुलाचे बाप आहोत असं जो माणूस प्रामाणिकपणे मानतो, त्यानं मूल नेलं तर ते कलम त्याला लागत नाही, हेतू वाईट किंवा बेकायदा नसला तर. पण गुन्हा होत नाही म्हणजे हक्क मिळतो असं थोडंच आहे. आई हेबिअस कॉर्पस, म्हणजे बेकायदा ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढं आणा असा अर्ज, घेऊन हायकोर्टात जाऊ शकते, ताब्याच्या भांडणातही मूल कायदेशीर अधिकाराशिवाय ठेवलं असेल तर हा रस्ता मोकळा आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये तेजस्विनी गौड प्रकरणात सांगितलंय, ते प्रकरण तर महाराष्ट्रातलंच. आणि कायदा सोडा बाजूला. एवढीशी पोर सकाळी उठते आणि अनोळखी घर, आई नाही, तिची ती उशी नाही, नेहमीची भाषा नाही. भाऊ एकही कलम न वाचता म्हणाला होता की असलं काही मी करणार नाही. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तो मी त्याला तेव्हाच बोलून दाखवला.

मग कोर्ट कुठलं. इथंही सल्ले होतेच, आपल्या सांगलीत टाक केस, तिला येऊ दे तारखांना इकडं. पण १८९० चा पालक व पाल्य कायदा अजून चालू आहे आणि त्याचं कलम ९ म्हणतं की मुलाचा पालक कोण हा अर्ज, मूल सहसा जिथं राहतं त्या जिल्ह्याच्या कोर्टात. बाप कुठं राहतो, मूल जन्मलं कुठं, याच्यावर नाही. आणि सहसा राहणं म्हणजे काय तर ते प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवरून आणि हेतूवरून ठरवायचं, रुची माजू प्रकरणात २०११ ला सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. भाची बेंगळुरूत राहते, तिची बालवाडी तिथं, डॉक्टर तिथं, मैत्रिणी तिथं. सांगलीत अर्ज टाकला असता तर आधी अधिकारक्षेत्राचा वाद, नाहीतर बदलीचा अर्ज, आणि एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात दावा हलवायचा तर सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, कलम २५ खाली थेट सुप्रीम कोर्ट. कुठलं कोर्ट यावरच भाचीचं अर्धं बालपण संपलं असतं. भावानं बेंगळुरूलाच अर्ज केला आणि तो निर्णय योग्य होता असं मी आजही ठामपणे म्हणेन.

माझी एक मिरजेची मैत्रीण न्यू जर्सीत आहे, तिच्याशी बोलताना तिकडचं कळलं. तिथं प्रत्येक राज्याचा कुटुंब कायदा वेगळा, त्यामुळं एका राज्याची ऑर्डर दुसऱ्यानं मानायची का यावर फार गोंधळ व्हायचा, म्हणून १९९७ मध्ये एक समान कायदा तयार केला आणि जवळजवळ सगळ्या राज्यांनी तो घेतला. दाव्याआधी सलग सहा महिने मूल ज्या राज्यात राहिलं ते त्याचं घरचं राज्य आणि पहिला अधिकार तिथल्या कोर्टाचा. लग्न झालेलं नसेल तर बापाला आधी आपण बाप आहोत हे कायद्यानं नक्की करून घ्यावं लागतं, मग भेटीचं बोलायचं. आपल्याकडं निदान कायदा इकडं तिकडं एकच आहे, म्हैसाळ ओलांडलं म्हणून कलम बदलत नाही, बदलतं ते कोर्ट आणि प्रवास.

आता तिच्या आईबद्दल लिहायलाच हवं, कारण असल्या गोष्टी बापाच्या घरातून सांगितल्या की आई आपोआप वाईट ठरते. ती वाईट नाहीये. तिला भीती होती, आणि भीती खरी होती, की एकदा पोरगी सांगलीला गेली की परत पाठवणार नाहीत. तिनं ओळखीत असं घडलेलं पाहिलं होतं. आणि आमच्या काकांचं ते 'घेऊन ये पोरगी' फिरत फिरत तिच्या कानावर गेलं असेल तर मला नवल वाटणार नाही. एकटीनं मूल वाढवणाऱ्या बाईला कायद्यानं आधार दिलाय तो उगीच नाही, २०१५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं एका अविवाहित आईच्या प्रकरणात सांगितलं की ज्या बापानं मुलाची कधी चौकशीच केली नाही त्याला नोटीस न पाठवताही आईचा पालकत्वाचा अर्ज ऐकावा. त्या बाईला मुलाचं नाव बचतीत आणि विम्यात नॉमिनी म्हणून लावायचं होतं, तेवढ्यासाठी तिला बापाची नोटीस काढायला सांगत होते. मी तो निकाल वाचला आणि मला तो पूर्ण पटला. पण त्यातच हेही आहे की पालकत्वाची किंवा ताब्याची ऑर्डर कायमची नसते, मुलाच्या हिताला धोका असेल तर त्याची खरी काळजी असणारा माणूस कधीही कोर्टात येऊ शकतो. पाठ फिरवलेला बाप वेगळा आणि दारात उभा असलेला बाप वेगळा. कोर्टाला हा फरक कळतो. नातेवाइकांनाही कळावा असं वाटतं.

दोन राज्यांत राहणाऱ्या आईबापांसाठी सगळ्यात कामाचा निकाल मला २०२० चा वाटला, यशिता साहू प्रकरण. ते जोडपं लग्न झालेलं होतं, पण त्यात मुलाच्या बाजूनं जे म्हटलंय ते सगळ्यांना लागू पडावं. कोर्ट म्हणतं, भेटीचा हक्क आहेच, पण आईबाप वेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर संपर्काचा हक्क पण तितकाच महत्त्वाचा, आणि खास कारण नसेल तर ज्याच्याकडं ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, व्हिडिओ कॉलनं. पाच-दहा मिनिटं. वाचताना वाटतं, एवढ्यात काय होणार.

पण प्रत्यक्षात बघा काय होतं. लहान पोरगी फोनवर बोलत नाही. फोन हातात धरून पळते, मग आम्हाला दिसतो पंखा, मग जमीन, मग एक कान. कशी आहेस विचारलं की बरी आहे, काय खाल्लंस विचारलं की भात, संपलं, मग ती फोन सोफ्यावर टाकून जाते आणि भाऊ इकडं छताकडं बघत बसलेला. सुरुवातीला रोज हेच चालायचं आणि तो खचायचा. मग त्यानं विचारणं सोडलं आणि करणं चालू केलं. तिच्या जेवायच्या वेळेला हा पण ताट घेऊन बसायचा. ती चित्र काढायची तर हा पण काढायचा, वाईट काढायचा, ती हसायची. आमची आई, म्हणजे तिची आजी, मागच्या अंगणात फोन नेऊन मांजरीची पिल्लं दाखवायची आणि मग दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून विचारायची की पिल्लांनी डोळे उघडले का. कधी दोन मिनिटांत आटपायचं तर कधी तिची आईच म्हणायची असू दे अजून थोडा वेळ, खेळतीय ती. रोजच्या रोज झालं म्हणून हे झालं. आठवड्यातनं एकदा तासभर दिला असता तर हे झालं नसतं, याची मला खात्री आहे.

बेंगळुरूच्या कोर्टानं प्रकरण मध्यस्थीला पाठवलं आणि तिथल्या मध्यस्थ बाईंनी जे केलं त्याच्यासाठी खरं तर हा लेख. दोघंही म्हणत होते, आम्ही समंजस आहोत, महिन्यातनं एकदा भेट आणि सुट्टीत थोडे दिवस असं लिहा, बाकीचं आमचं आम्ही बघू. त्या बाई म्हणाल्या, नाही, बाकीचंच लिहायचंय. महिन्यातला कुठला शनिवार? गाडी उशिरा आली तर वाट किती वेळ बघायची? पोरीला ताप आला तर भेट रद्द की तुम्ही घरी जाऊन बघणार, आणि रद्द झाली तर बदली कधी? आणायला सोडायला कोण, आजोबा चालतील का? तुमच्या घरात दुसरं कुणी आलं, उद्या लग्न केलंत कुणाशी, तर पोरीला कोण सांगणार, आधी की नंतर? भावाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला होता म्हणे.

घरी आई चिडली. एवढं सगळं कोर्टाला कशाला, परक्यासारखं. तिचं दुःख मला कळतं, पण मी तिला जे सांगितलं ते इथंही लिहिते. लग्नाच्या भांडणात मधे पडायला माणसं असतात. मामा असतो, लग्न जमवणारा असतो, ज्यांनी दोन्हीकडचं जेवण जेवलंय अशी चार वडीलधारी असतात, शिव्या खाऊन का होईना, ती मधे बसतात. इथं कोण आहे? भाचीच्या आईचे वडील आणि माझे वडील आयुष्यात एकमेकांना भेटलेले नाहीत. तिच्या आईचा नंबर आमच्याकडं नव्हता. उद्या काही बिनसलं तर फोन करून 'अहो जरा समजवा तिला' म्हणायला कुणीच नाही. म्हणून जे काही आहे ते कागदावरच असलं पाहिजे, आणि जितकं बारीक लिहिलेलं तितकं बरं, कारण मोघम लिहिलेल्या जागीच प्रत्येक वेळी पुन्हा भांडावं लागतं आणि पोरगी ते ऐकत असते. सगळं लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास असं आपल्याकडं मानतात. मला तर उलटंच दिसलं, लिहून झाल्यावर दोघांतला ताण कमी झाला, मेसेज लहान झाले, तारीख, गाडी, पोचलो, बास.

त्यांच्या कन्सेंट टर्म्समधला, म्हणजे दोघांनी संमतीनं कोर्टात दिलेल्या अटींमधला, एक मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडतो. भाची सहा वर्षांची होईपर्यंत महिन्याच्या भेटीचा प्रवास बापानं करायचा, तिनं नाही. म्हणजे दुपारी मिरजेत राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडायची आणि सकाळी बेंगळुरूत उतरायचं, भेटायचं, परत निघायचं. आधी नुसता दिवसभर आणि तिची आईकडची आजी आसपास, मग आजीशिवाय, मग एक रात्र, तिला सवय होईल तसं. खर्च कुणाचा तर बापाचा, पण मोठ्या सुट्टीत ती इकडं यायला लागली की जायचं तिकीट एकाचं आणि यायचं दुसऱ्याचं. कुणी म्हणेल, सगळी ओढाताण बापानंच का सोसायची. मी म्हणते अंतर मोठ्यांनी तयार केलंय, लहान पोरीच्या पाठीत त्याची कळ कशाला. दर महिन्याला गाडीत बसण्याइतकी ती मोठी झाली की बघू.

सणांचं मात्र पुन्हा लिहावं लागलं. आपल्याकडं मोठी सुट्टी दिवाळीची, म्हणून दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी असं घातलं होतं, आणि कर्नाटकात शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची असते. हे दोन राज्यांतलं खरं अंतर, कलमांत कुठं सापडणार नाही. आता दसऱ्याची सुट्टी सांगलीला आणि दिवाळीचा पाडवा व्हिडिओ कॉलवर असं ठरलंय. मागच्या दसऱ्याला भाची पहिल्यांदा इथं आली, तिच्या आजीसोबत. गणपतीच्या देवळात गेली, हरिपूरला संगमावर पाण्यात पाय घालून बसली, भडंग तिखट लागलं म्हणून रडली आणि रडत रडत अजून मागितलं. तिच्या आजीनं आणि माझ्या आईनं एकमेकींना पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं. भाषेची अडचण होती, मग शेजारच्या अथणीच्या काकू येऊन बसल्या आणि संध्याकाळभर दोन्हीकडचं इकडंतिकडं करत राहिल्या. ठरल्या दिवशी ठरल्या गाडीनं भाची परत गेली. भावानं तिकीट आधीच काढून तिच्या आईला पाठवलं होतं, परतीचं, येण्याच्या तिकिटासोबतच. तिची भीती त्या एका तिकिटानं जेवढी गेली तेवढी आमच्या कुठल्याही बोलण्यानं गेली नसती.

कायद्यात काय बदल हवेत ते सरकारला सुचवणाऱ्या विधी आयोगानं २०१५ मध्येच २५७ व्या अहवालात हे सगळं मांडलंय. संयुक्त ताबा असावा, आईबापांनी मुलाची योजना लेखी करावी, आजी-आजोबांच्या वेळेचा पण विचार व्हावा, पालक दुसऱ्या गावी राहायला गेला तर काय. अजून ते कायद्यात आलेलं नाही. तोपर्यंत प्रत्येक घरानं आपापलं शून्यापासून शोधायचं, चांगला मध्यस्थ भेटला तर नशीब. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाया-मुलांना तिथं मोफत वकील मिळतो, त्यांच्याकडं असा एक भरायचा साधा नमुना मराठीत आणि शेजारच्या राज्याच्या भाषेत ठेवला तर कितीतरी लोकांचं भांडण सुरू व्हायच्या आधी थांबेल असं मला मनापासून वाटतं. सीमाभागात तर नक्कीच. अशी घरं आता आमचं एकच नाहीये, लोक बोलत नाहीत एवढंच.

भाची आता पहिलीत जाणार. शनिवारी पण शाळा असणार म्हणून भेटीचे वार बदलायला लागणार, शाळेच्या फॉर्मवर बापाचा फोन नंबर घालायचा का, प्रगतीपुस्तक त्याला पण मिळणार का, हे सगळं मूळ कागदात नाहीये. गेल्या रविवारी दोघांनी फोनवर यादी केली, वकिलांना पाठवली, दुरुस्तीचा अर्ज दोघांच्या सहीनं जाईल. यादीतला शेवटचा मुद्दा तिच्या आईनं घातलाय, की शाळेच्या गॅदरिंगची तारीख कळली की त्याच दिवशी सांगलीला कळवायची, म्हणजे रिझर्वेशन मिळेल.